शेऱ्याचा रिकामा रकाना

मित्रांनो, आधी मोजून घेऊ. १९७२ च्या ऑगस्ट महिन्यात मिशनच्या आवारात होते ते असे: चार वर्गांची एक शाळा, अकरा बाकांचे एक प्रार्थनाघर, मास्तरांच्या दोन खोल्या, बेचाळीस फूट खोल एक आड, त्यात पाणी शून्य, दोन कडुनिंब, त्यांतला एक वाळलेला, एक पितळी घंटा. आणि घंटेपासून सोळा पावलांवर, विटांच्या ओट्यात अर्धा पुरलेला, मी.

आभाळातून पडलेले पाणी मोजायचे जुने तांब्याचे भांडे, तो मी. सरकारी कागदांत माझे नाव पर्जन्यमापक आहे. गावात मला 'मास्तरचा डबा' म्हणत. माझे तोंड गोल, एकशे सत्तावीस मिलिमीटर रुंद, काठ पितळी. तोंडाखाली नरसाळे, नरसाळ्याखाली बाटली. नरसाळ्याची मान मुद्दाम अरुंद ठेवलेली असते, म्हणजे एकदा आत आलेले पाणी उन्हाने सहसा उडून जात नाही. माझ्या जोडीला रेघांची एक काच असते. बाटलीतले पाणी तिच्यात ओतायचे आणि रेघ वाचायची. इतके साधे माझे काम. त्यासाठी मला विचार करावा लागत नाही. ही गोष्ट ज्यांची आहे त्या सूर्यभान मास्तरांना वाटे, की तो त्यांनीही करू नये.

माझा जन्म १९३८ साली हैदराबादेतल्या एका कारखान्यात झाला. एका म्हाताऱ्या कारागिराने माझ्या सांध्यांना डाख लावला, मला काठोकाठ भरून दिवसभर ठेवले आणि थेंबही गळला नाही तेव्हा "पक्का है" म्हणून माझ्या पाठीवर थाप मारली. आगगाडीने मी परभणीला आलो आणि तिथून बैलगाडीने या गावी. सोनपेठचा बाजार इथून पायी तीन तास. निजामाच्या काळात माझे पाणी इंचात मोजत. पुढे राज्य बदलले, मापे बदलली, काच नवी आली. माझे तोंड होते तेवढेच राहिले. चांगल्या पावसाच्या एका वर्षी तपासणीला आलेल्या साहेबांनी वहीत लाल शाईने 'उत्तम' असे लिहिले होते. तो शब्द मला नव्हता, वहीच्या नीटनेटकेपणाला होता. तरी मी तो माझाच मानला.

सूर्यभान मास्तर १९५९ साली आले. त्यांचे वडील मिशनच्या दवाखान्यात झाडलोट करत. घरात शिकलेला हा पहिलाच. शाळेबरोबर माझीही जबाबदारी त्यांच्याकडे आली. रोज सकाळी साडेआठला ते येत, काच उजेडाकडे धरत, रेघ वाचत आणि वहीत लिहीत. वहीत तीन रकाने होते: तारीख, पाऊस, शेरा. महिन्याला एकदा आणि पाऊस झाला की त्याच दिवशी, ते आकड्यांचे कार्ड टपालाने तालुक्याला पाठवत. सहा वर्षे असे सुरळीत चालले.

१९६५ च्या पावसाळ्यात मास्तर मेहुणीच्या लग्नाला वालूरला गेले आणि एक सकाळ चुकली. परत आले तेव्हा बाटलीत दोन दिवसांचे मिळून एकवीस पूर्णांक सहा मिलिमीटर पाणी होते. त्यांनी त्याचे दोन सारखे भाग केले आणि दोन तारखांपुढे दहा पूर्णांक आठ, दहा पूर्णांक आठ असे लिहून टाकले. पुढच्या महिन्यात तपासनीस आले. त्यांनी वहीवर बोट ठेवले.

"सूर्यभान, हा पाऊस कोणत्या देवाने निम्मा-निम्मा वाटून दिला?"

मास्तरांनी लग्नाचे खरे ते सांगितले.

"हे बघा, बाटलीत असेल ते वहीत. डोकं चालवायचं नाही. समजलं?"

त्या रविवारी मास्तर प्रार्थनाघरात उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, की मी खोटे लिहिले. मिशनच्या धर्मगुरूंनी, म्हणजे पाळकांनी, त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि क्षमा झाली असे सांगितले. देवाने क्षमा केली असेल. मास्तरांनी स्वतःला केली नाही. त्या दिवसापासून ते माझ्यासमोर गुडघे टेकून बसू लागले. आधी डोळे मिटत, मग नरसाळे काढत. देवाचे भय धरा, असे पाळक दर रविवारी सांगत. मास्तर ते ऐकून खाली मान घालत. देवाचा आवाज आणि तपासनिसाचा आवाज त्यांच्या कानात हळूहळू एकच होऊन गेला. हे मला कसे कळले? सात वर्षे रोज सकाळी ते माझ्यासमोर प्रार्थनेसारखे पुटपुटत: बाटलीत असेल ते वहीत.

आता त्या वर्षाकडे येतो.

१९७२ साली जुलैच्या चौदा तारखेला चार मिलिमीटर पाऊस पडला आणि आभाळ मिटले. गावाचे पाणी ओढ्यातल्या एका झिऱ्यावर आले. झिरा म्हणजे वाळूत खणलेला खड्डा. पाणी त्यात इतके हळू झिरपे, की घागर बुडत नसे. करवंटीने, म्हणजे नारळाच्या अर्ध्या कवटीने, ते उपसून घागरीत घालावे लागे. एका घराला दिवसाला दोन घागरी. तरीही गावाने त्यातूनच देवांना पाणी घातले. मारुतीला घातले. म्हसोबाला घातले. महादेवाचा गाभारा पिंड बुडेपर्यंत भरला. रीतच तशी आहे: पाऊस रुसला की देवाला पाण्यात ठेवायचे.

गावाच्या कडेला धनगरांची वस्ती होती. तिथली कासाबाई रोज सकाळी हिरव्या कडुनिंबाखाली येऊन बसे, कारण तिची सून म्हाळसाबाई झिऱ्यावर रांगेत असे आणि ही सावली वाटेवर होती. चाळीस मेंढरांतली सहा उरली होती. कासाबाईचे गुडघे गेले होते, जीभ शाबूत होती.

"मास्तर, रोज गुडघ्यावर बसून काय बघायलाव त्या डब्यात?"

"पाऊस बघतो, माय."

"दिसला का?"

"न्हाई."

"मग हुबं ऱ्हाऊन बी दिसला नसताच की! गुडघे कशाला झिजवायलाव? माझे बघा, झिजवून बसले."

मास्तर हसले. त्यांनी तिला नरसाळे काढून दाखवले, बाटली दाखवली. हे नुसते यंत्र आहे, यात देव-बिव काही नाही, असे समजावले. कासाबाईने मान हलवली. एखाद्याला आपला देव सांगायचा नसेल तर खोदून विचारू नये, एवढी रीत तिला ठाऊक होती. पण रोज सकाळी गुडघे टेकणारा, डोळे मिटणारा माणूस ती पाहत होती. यंत्रापुढे कोणी डोळे मिटत नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गिरदावर व्यंकटराव आला. महसूल खात्यातला हा बरा माणूस. सायकलवरून गावोगाव फिरून आता काळाठिक्कर पडला होता. त्याने वही चाळली आणि कडुनिंबाखाली बसूनच सांगितले:

"मास्तर, दुष्काळातलं पाझर तलावाचं एकच काम मंजूर हाय, महसुलाची मंडळं दोन. ज्या मंडळात आधी सलग तीस दिवस कोरडे भरतील, तिथं पयलं उघडायचं, असं वर ठरलंय. अडीच मिलिमीटरच्या वर पडला की गणती पुन्हा एकपासून. तुमचे आज तेवीस झाले. त्येंचे बावीस."

"उघडलं तर कुठं?" मास्तरांनी विचारले.

"तुमच्या ओढ्यावरच. अर्धा कोस बी न्हाई."

कासाबाई कान देऊन ऐकत होती. "साहेब, खडी बसून फोडतात न्हवं?"

"बसूनच, माय."

"मग मी यीन. हात चांगले हायेत माझे. पाय तेवढे न्हाईत."

तिच्यासाठी सगळे तेवढ्यावर होते. काम ओढ्यावर निघाले तर ती लेकासुनेबरोबर इथेच राहील आणि चार पाट्या खडी फोडून आपली भाकर खाईल. दुसऱ्या मंडळात निघाले तर नऊ कोस चालत जायचे, आणि तिला नऊ पावलांनंतर टेकावे लागे. मास्तर रोज तिला आकडा सांगू लागले. "आज चोवीस, माय." तेवीस खडे तिने पायाशी आधीच मांडले होते, त्यांत ती रोज एक ठेवी.

दहा ऑगस्ट, गुरुवार. सव्वीस खडे झाले होते. सकाळी साडेसातला मास्तर आणि मुले प्रार्थनाघरात होती. कासाबाई आली ती बसली नाही. पदराखालून तिने करवंटी काढली. झिऱ्याच्या पाण्याने ती काठोकाठ भरलेली होती. वाटेत एक थेंब सांडू न देता त्या पायांनी ती कशी आली, मला अजून कळत नाही. माझ्याजवळ ती कशीबशी टेकली.

"बाबा," ती मला म्हणाली, "गावानं समद्या देवांला पाणी घातलं, तू एकलाच कोरडा ऱ्हायलास. कुणाला सुचलंच न्हाई. राग धरू नगस. चार दिस ऱ्हायलेत, तेवढे कोरडे जाऊ दे, आता इस्कटू नगस."

आणि तिने करवंटी माझ्या तोंडात रिकामी केली. पाऊस विखरून येतो, थंड येतो. हे पाणी एका धारेने आले आणि त्याला हाताची ऊब होती. पाऊस आणि करवंटी यांतला फरक माझ्या नरसाळ्याला कळतो. काचेला कळत नाही. आणि सांगता कोणालाच येत नाही.

तिने करवंटी कडुनिंबाच्या ढोलीत ठेवली, कारण देवाला घातलेले भांडे पुन्हा झिऱ्यात बुडवत नाहीत. मग ती निघून गेली.

साडेआठला मास्तर आले. गुडघे टेकले, डोळे मिटले, नरसाळे काढले. बाटली हाताला जड लागली. त्यांनी पाणी काचेत ओतले. एकदा वाचले, दोनदा वाचले. मग माझ्या भोवतीच्या मातीवर हात फिरवला. माती कोरडी होती. कौले कोरडी होती. वाळलेल्या निंबाखालची धूळ जशीच्या तशी होती. मग त्यांनी वही उघडली.

रुख्मिणीबाई, त्यांची पत्नी, हातातले सूप ठेवून पुढे आल्या.

"आवं, काय झालं?"

"पाऊस."

"कुठला पाऊस? मी पहाटेपासून मागच्या अंगणात हाय."

"बाटलीत हाय. मी लिहिला."

रुख्मिणीबाईंनी वही पाहिली, माती पाहिली. "कुणीतरी पाणी ओतलं असंल. पोरं हायेत, बाया येतात-जातात. त्या तिसऱ्या रकान्यात लिवा की, जमीन कोरडी व्हती म्हणून."

"मी कुणाला ओतताना पाहिलं न्हाई. न पाहिलेलं कसं लिहू? बाटलीत ते वहीत." मग मास्तरांचा आवाज खाली गेला. "आणि रुख्मिणी, पवित्र शास्त्रात ती गोष्ट न्हाई का? त्या माणसानं खळ्यावर लोकर ठेवली. सकाळी लोकर ओली आणि भोवतालची जमीन कोरडी. ती देवाची खूण होती. हे बी तसंच असेल तर? देवानं दिलेल्या पाण्याला मी खोटं म्हणू? मला भय वाटतं."

"त्या माणसानं दुसऱ्या दिशी पुन्हा ठेवली व्हती लोकर," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "हे सोडता व्हय तुमी? देवाला पुन्हा इचारायला त्यो भ्याला न्हाई. आन् देव बी रागावला न्हाई."

मास्तरांनी टपालाचे कार्ड काढले.

"माझ्या बापाला मी भ्यायचे," रुख्मिणीबाई पुढे म्हणाल्या. "त्याच्या हातात काठी असायची. त्यो घरी नसला की भय न्हाई. आजीनं कधी चापट मारली न्हाई, पर तिच्या डोळ्यांत पाणी यील असं काही करायला मी लय भ्यायचे. ती घरी नसली तरी. देवाचं भय हे आजीचं भय असतंय. तुमी बापाचं धरून बसलाव. ती कासामाय तिथं खडे मोजत बसलीय, तिचं काय व्हईल हे भय वाटंना तुमाला. तुमाला देवाचं भय न्हाई वाटायलं. रकान्याचं भय वाटायलंय."

मास्तरांनी कार्ड लिहिले. तारीख दहा, पाऊस अकरा पूर्णांक आठ. शेरा: रिकामा. दहाच्या एसटीने टपाल गेले.

दुसऱ्या दिवशी कासाबाईने विचारले, "आज अठ्ठावीस न्हवं?"

"न्हाई, माय. काल पाऊस निघाला. पुन्हा एकपासून."

"कुटं पडला?"

"इथं."

"इथं म्हंजी? तुमच्या डब्यात?"

"होय."

तिने माझ्याकडे पाहिले. ती काय समजली ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होते: या देवाचा राग गेला नाही, त्याने विस्कटलेच. घातलेले पाणी त्याला पुरले नाही. तिने ते बोलून दाखवले नाही, कारण देवाला घातलेले बोलून दाखवायचे नसते. तिने सव्वीस खडे एकेक उचलले आणि दूर टाकले. मास्तर उभे होते. मी ओरडू शकत असतो, मित्रांनो, तर त्या क्षणी ओरडलो असतो.

आठवड्याने व्यंकटराव आला. दुसऱ्या मंडळाचे तीस भरले होते.

"मास्तर, दहा तारखेला तर चार कोसांत कुणाच्या डोईवर थेंब न्हाई. जमीन ओली व्हती का?"

"न्हवती."

"मग एक ओळ लिवायची व्हती शेऱ्यात! एक ओळ! मी तेवढ्यावर भांडलो असतो. आता काम तिकडं उघडलं. मुकादम बी गेले."

धोंडीबा, कासाबाईचा लेक, एकोणीस तारखेला निघाला. म्हाळसाबाईच्या डोक्यावर गाठोडे होते आणि धोंडीबाच्या पाठीवर आई. आवाराच्या दारातून जाताना तिने मास्तरांना हात जोडले. रुख्मिणीबाईंनी तीन भाकरी बांधून दिल्या. मास्तर ओट्याजवळच उभे राहिले. त्यानंतरही ते रोज गुडघे टेकत. डोळे मात्र मिटत नसत.

मित्रांनो, आज मी शाळेच्या कोठीत आहे. ओट्यावर नवा पर्जन्यमापक बसला आहे, माझ्या काठाला पोचा पडला आहे आणि माझ्या बाटलीत कोणी खिळे ठेवतो. त्याचे मला फारसे दुःख नाही. वही माझ्या शेजारीच आहे. तिच्यात मास्तरांचे अक्षर २१ सप्टेंबर १९७२ पर्यंत आहे. नंतरची अक्षरे दुसऱ्यांची. तुमच्या हाती कधी एखादे मापाचे भांडे आले तर ते घासून-पुसून ठेवा, त्याचा काठ ठेचू देऊ नका. पण वहीचा तिसरा रकानाही सांभाळा. भांडे माती चाचपून पाहू शकत नाही. ते तुम्हीच करायचे असते, आणि पाहिलेले लिहायचे असते, भय वाटत असले तरी.

एकवीस सप्टेंबरची सकाळ. मास्तरांनी बाटली पाहून शून्य लिहिले होते. धोंडीबा दारातून आत आला, एकटाच. डोक्याचे काढलेले केस जेमतेम उगवले होते. मास्तर जागेवरून उठले.

"मास्तर, आई गेली. पाठीवरच गेली. सातव्या कोसाला मला हलकं लागायलं, म्हणलं झोप लागली आसंल."

रुख्मिणीबाई दाराला धरून उभ्या राहिल्या.

"जाण्याच्या आधी एक बोलली," धोंडीबा म्हणाला. "म्हणली, मास्तरच्या देवाला मी पाणी घातलं व्हतं, कमी पडलं. एकच करवंटी घातली. करवंटी ढोलीत हाय. तू जाऊन अजून एक घाल. कामावरनं आत्ता सुटी मिळाली, म्हणून आलोय. तुमी न्हाई म्हणू नका."

त्याने ढोलीत हात घातला आणि करवंटी काढली. कोळ्याचे जाळे पुसले.

मास्तरांनी करवंटीच्या काठावरून बोट फिरवले. मग त्यांनी विचारले, "किती भरून घातली होती?"

"काठोकाठ. अर्धं द्यायची सवय न्हवती तिला."

रुख्मिणीबाईंनी आतून घागर आणली. दिवसाच्या दोनांतली ती एक होती. धोंडीबाने करवंटी काठोकाठ भरली आणि माझ्यासमोर बसून माझ्या तोंडात ओतली. पाणी एका धारेने आले. मास्तरांनी गुडघे टेकले, नरसाळे काढले, बाटली काचेत ओतली आणि काच उजेडाकडे धरली.

अकरा पूर्णांक आठ मिलिमीटर.